मे महिन्यातले गराडू

इंदूरला ‘सानंद’ या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकाचं मध्यंतर झालं, की चहाच्या रांगेत कुणीतरी विचारतंच : ‘खुनाची मालिका वीस-वीस वर्षं चालते, ती शिळी कशी होत नाही हो?’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. बऱ्याचशा होतात. ज्या होत नाहीत, त्यांना खुनाच्या नवनव्या तऱ्हा सुचतात असं मुळीच नाही. विष, सुरा, दोरी, गोळी, गच्चीवरून धक्का... ही यादी दोन सीझनमध्ये संपते. दर वेळी नवी शोधावी लागते ती पुरावा लपवायची जागा.

साचा मात्र मोडू नये. ‘सीआयडी’ 1998 ला सुरू झाली, 2018 पर्यंत चालली, 2024 च्या डिसेंबरात परत आली. प्रद्युम्न आणि डॉ. साळुंखे यांची कुरबुर नसती तर निम्मे लोक उठून जेवायला बसले असते. जर्मनीतली ‘टाटऑर्ट’ 1970 पासून चालू आहे. तिथे शहर बदललं की तपासणारी माणसं बदलतात, साचा तोच राहतो.

बिघडतं कुठे? लेखक थकला की अधिकाऱ्याच्या बायकोचं अपहरण होतं, मेलेला शत्रू परत येतो. एकदा चालतं. तिसऱ्यांदा प्रेक्षक बायकोची काळजी करत नाही, घड्याळ बघतो. दुसरी पळवाट म्हणजे मोबाइल ‘स्विच्ड ऑफ’. टॉवर लोकेशन आणि चौकातला कॅमेरा पहिल्या पाच मिनिटांतच हिशोबात घ्यावा. फोन बरोबर जागी होता, माणूस नव्हता, इथून गोष्ट सुरू केली तर बरं.

कायदा तर आयता मसाला देतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं 302 कलम 103 झालं. पण 30 जूनपर्यंतच्या खुनाला 302 च लागतं, मग प्रेत ऑगस्टमध्ये का सापडेना. म्हणजे मृत्यूची तारीख ठरल्याशिवाय कलम ठरत नाही; शवविच्छेदनाच्या टेबलाशी वाद घालायला केवढं नवं कारण!

आता आपल्या गावाकडे या. सराफ्यात दिवसा सोन्याची दुकानं, रात्री त्यांच्याच ओट्यांवर खाऊची. समजा, एका सराफाचा खून मे महिन्यात झालाय. संशयित म्हणतो, ‘त्या वेळी मी सराफ्यात गराडू खात होतो, वर जीरावन, लिंबू पिळून.’ चौकशी करणारा अधिकारी नागपूरहून नुकताच बदलून आलेला, तो निमूट लिहून घेतो. गराडू म्हणजे तळलेल्या कंदाच्या फोडी, जीरावन म्हणजे त्यांवर भुरभुरायचा मसाला; पण गराडू थंडीतच मिळतात, हे त्याला कुठून ठाऊक असणार? इंदूरचा हवालदार त्या वेळी चहा आणायला गेलेला असावा. त्याने जबाब वाचायचा तो थेट तिसाव्या मिनिटाला.

हे पंचेचाळीस मिनिटांच्या भागात बसवायचं, तर जबाब पहिल्या पंधरा मिनिटांतच यायला हवा, आणि त्यात ‘गराडू’वर जोर नको. त्या शब्दानंतर लगेच अधिकाऱ्याला जीरावन म्हणजे काय ते विचारू द्या. लोक हसतात, पुरावा हशाखाली दडतो. मे महिना संवादात सांगायचा नाही. ठाण्यातला पोऱ्या कूलरमध्ये बादलीने पाणी ओततोय, एवढं पुरे. इंदूरबाहेरच्या प्रेक्षकासाठी मात्र एक जादा ओळ लागते : नव्या साहेबाला गराडू खायचे असतात आणि खानावळवाला म्हणतो, ‘थंडीत या.’ हीसुद्धा उकलीच्या आधी, पण जबाबाला चिकटून नको. मध्ये दोन प्रसंग जाऊ द्या.

इतकं करूनही घोटाळा होतो तो संकलनात. भाग वीस सेकंद लांबला की पहिली कात्री कूलरवर चालते, कारण त्या दृश्यात ‘काही घडत नाही’. मग हवालदार तारीख आणि गराडू जुळवतो तेव्हा उकल आकाशातून पडल्यासारखी वाटते, आणि शिव्या लेखकाला बसतात. म्हणून पटकथेत त्या ओळीशेजारी समासात लाल शाईने लिहून ठेवावं : कूलर कापू नये.