झिगी स्टारडस्ट गिटारवर, महिना सातवा: नववं गाणं बसलं

मंडळी, मागच्या नोंदीत 'हँग ऑन टू युअरसेल्फ'च्या वेगापाशी अडकलो होतो. ते गाणं आता हातात बसलंय, आणि त्याच्या पुढचं 'झिगी स्टारडस्ट'ही. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचा 'झिगी स्टारडस्ट' हा १९७२ चा अख्खा अल्बम मी तबकडीवरच्या क्रमानेच गिटारवर बसवतोय. अकरा गाणी, साधारण साडेअडतीस मिनिटं.

'झिगी'च्या रिफने, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्याने, तीन आठवडे खाल्ले. कागदावर काहीच नाही: जी, डी, सी-ऍड-नाइन, सगळे ओपन कॉर्ड, म्हणजे मोकळ्या तारा वापरणारे सोपे स्वरसमूह. पण बोवीचा गिटारवादक मिक रॉन्सन कॉर्ड नुसता छेडून सोडत नाही. डी धरल्यावर करंगळी पटकन टेकवून उचलायची, आणि तेवढ्यात उजव्या हाताने पुढच्या फटक्याआधीची शांतता सांभाळायची. मी ती शांतता खात होतो, म्हणून रिफ धावल्यासारखा वाटायचा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर आणून फक्त थांबण्याचा सराव केला, तेव्हा कुठे त्याला तो रुबाब आला. इलेक्ट्रिकच्या खाली अकूस्टिक गिटारही चालू आहे, हे हेडफोन लावून नीट ऐका. अल्बमभर ही अकूस्टिक भेटत राहते आणि एवढ्या झगमगाटाला जमिनीवर धरून ठेवते.

'मूनेज डेड्रीम'कडेही परत गेलो, कारण त्यातला शेवटचा सोलो मला अजून पटत नव्हता. रॉन्सन वाह पेडल (पायाने दाबून गिटारच्या आवाजाचा रंग बदलणारं उपकरण) वरखाली हलवत बसत नाही. अर्धवट दाबून एका जागी सोडून देतो, त्यामुळे त्याच्या लेस पॉल गिटारचा आवाज नाकातून गायल्यासारखा टोकदार होतो. मी पेडलखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून ती जागा पक्की केली. आवाज बराच जवळ आला. बाकी सगळं बोटांत आहे: स्वर कमी आणि ताणून धरलेले. याच माणसाने अल्बममधले स्ट्रिंग्जचे (व्हायोलिनसारख्या वाद्यांचे) भागही बांधलेत, ते त्या सोलोत कळतं. जागा किती भरायची आणि किती मोकळी ठेवायची, याचा हिशोब त्याच्याकडे पक्का होता.

आता मुख्य मुद्दा. सात महिने या गाण्यांत राहिल्यावर माझं मत झालंय की हा अल्बम त्यातल्या कथेमुळे, म्हणजे झिगी नावाच्या काल्पनिक रॉकस्टारच्या गोष्टीमुळे, टिकलेला नाही. कथा विरळ आहे आणि तिला ठिगळंही आहेत. 'इट एन्ट इझी' बोवीचं नाही, रॉन डेव्हिसचं आहे, आणि आधीच्या अल्बमच्या वेळच्या रेकॉर्डिंगमधून आलंय. 'स्टारमॅन' तर मुळात यादीतच नव्हतं. कंपनीला सिंगल, म्हणजे सुटं काढायला एक गाणं, हवं होतं म्हणून ते फेब्रुवारी १९७२ मध्ये रेकॉर्ड झालं आणि चक बेरीच्या एका गाण्याच्या जागी बसलं. त्यातली 'सा'वरून थेट तार 'सा'वर जाणारी ती उडी नसलेला हा अल्बम आज कल्पनेतही येत नाही. ६ जुलैला बीबीसीवर 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये ते गाणं दिसलं आणि झिगी ब्रिटनमध्ये घराघरांत पोचला.

मग हे सगळं एकत्र कशाने धरलंय? मला याचं एक उत्तर वाजवताना सापडलं. पहिलं गाणं 'फाइव्ह इयर्स' आणि शेवटचं 'रॉक अँड रोल सुइसाइड' ही दोन्ही तीन-तीनच्या झोक्याची आहेत. दादऱ्याच्या अंगाने मोजलं की दोन्ही चटकन सापडतात. दोन्ही एकट्याने सुरू होतात. पहिल्यात वुडी वुडमन्सीचे ड्रम्स दुरून चालत आल्यासारखे येतात, शेवटच्यात नुसती अकूस्टिक गिटार. दोन्हींत आवाज हळूहळू फुगत जाऊन बोवी अक्षरशः ओरडतो. मधली नऊ गाणी या दोन झोक्यांमध्ये टांगलेली आहेत. म्हणूनच मी क्रम मोडत नाही. सुटी गाणी बसवली असती तर हे माझ्या लक्षातच आलं नसतं.

'सफ्रजेट सिटी' पुढच्या महिन्यात. सॅक्सोफोनसारखं जे ऐकू येतं तो एआरपी सिंथेसायझर आहे, तो भाग गिटारवर आणायचा विचार आहे.

शेवटच्या गाण्याची मात्र चोरून सुरुवात केलीच. ते सी मध्ये सुरू होऊन अर्धा स्वर वर, डी फ्लॅटमध्ये संपतं. तिसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या पट्टीवर) सी चा बॅरे, म्हणजे एकाच बोटाने अनेक तारा दाबून केलेला कॉर्ड, धरला तर डी फ्लॅट एकच फ्रेट पुढे आहे, पण तो एक फ्रेट सरकताना अंगावर काटा येतो. मग सगळे थांबतात आणि फक्त स्ट्रिंग्जचा एक कॉर्ड उरतो. मी आधी कॉर्ड छेडून, मग गिटारचा व्हॉल्यूम नॉब करंगळीने शून्यावरून उघडत तो आणायचा प्रयत्न करतोय. काल रात्री एकदा अगदी मनासारखा आला. कोणी दुसरी युक्ती वापरली असेल तर जरूर सांगा.