कोरडी बाग: दगड किती गाडायचा, खडी किती मागवायची

पुण्यात जपानी बाग म्हटलं की सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आठवतं. ते जपानमधल्या ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेवर बेतलेलं आहे. तिथला सरदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ मध्ये सुरू केलेली आणि १७०० मध्ये पुरी झालेली कोराकुएन ही चालत चालत पाहायची बाग आहे. तळं, हिरवळ, टेकडी, ओहोळ असा सगळा पसारा सुमारे १३ हेक्टरांवर आहे. तोच पसारा बंगल्यामागच्या वीस फुटांत बसवायला गेलं की लाल पूल, सिमेंटचा कंदील आणि कारंजं एकमेकांच्या अंगावर येतात. लहान जागेला शोभते ती कारेसानसुई, म्हणजे खडी आणि दगडांची कोरडी बाग, एका जागी बसून बघायची. क्योतोच्या र्‍योआन-जी मंदिरातल्या बागेचा आयत साधारण २५ बाय १० मीटर आहे. त्यात १५ दगड पाच गटांत मांडलेत, आणि ओसरीवर कुठेही बसलं तरी एखादा दगड दुसऱ्याच्या आड जातोच.

म्हणून पहिलं काम बैठक ठरवण्याचं. ओसरी, खिडकी, बाकडं, जे असेल ते. तिथे बसून डोळ्यांच्या उंचीवरून आखणी करा. दगडांच्या जागी रिकामी खोकी किंवा भरलेली पोती ठेवून चार-आठ दिवस ती हलवत राहा. पोतं हलवायला मिनिट लागतं. दगड हलवायचा तर चार माणसं बोलवावी लागतात.

बागेचं बरंवाईट दगड बसवण्यावर ठरतं, आणि बहुतेक बागा इथेच फसतात. दगड जमिनीवर नुसता ठेवला की तो ट्रकमधून उतरवल्यासारखाच दिसत राहतो. उंचीचा किमान तिसरा हिस्सा जमिनीत जायला हवा, उभ्या दगडाचा निम्मा गेला तरी हरकत नाही. खोलीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे दगडाचा सर्वांत रुंद घेर जमिनीच्या पातळीवर किंवा तिच्या खाली आला पाहिजे. खाली निमुळता होत गेलेला दगड कितीही वजनदार असला तरी तरंगल्यासारखा दिसतो. खडकाचा मोठा भाग खाली आहे आणि वर फक्त माथा डोकावतोय, असं वाटायला हवं.

विकत घेण्याआधी वजनाचा अंदाज करा. ६० बाय ५० सेंटिमीटर घेराचा, ८० सेंटिमीटर उंच दगड पूर्ण चौकोनी नसतो, त्यामुळे घनफळाचा साधारण ६५ टक्के भाग खरा धरायचा. बेसाल्ट असेल तर घनमीटरला सुमारे २.८ टन. हिशेब सव्वाचारशे ते साडेचारशे किलोवर जातो. एवढ्याला तीन खांबांची तिपाई आणि चेन पुली लागते; पहारी लावून ढकलाढकली केली तर कोपरे उडतात. साखळीखाली पोतं किंवा जुना टायर घाला, कारण ताजा ओरखडा बरीच वर्षं दिसत राहतो.

खड्डा दगडापेक्षा वीतभर मोठा घ्या. तळाशी मुरूम ठोकून दगड टांगता ठेवूनच आत सोडा, बैठकीवरून बघत फिरवा, तोंड ठरवा, मग बुडाखाली चिपा घालून पक्का करा. माती एकदम लोटू नका. १०-१५ सेंटिमीटरचा थर, लाकडी दांड्याने ठोकणं, पुन्हा थर. हे चुकलं तर पहिल्या पावसाळ्यात माती बसते आणि दगड कलतो. माथा सपाट असेल तर तो पाणसळीत ठेवा. अकराव्या शतकातल्या 'साकुतेइकी' या बागशास्त्राच्या ग्रंथात एक निषेध आहे: डोंगरात उभा असलेला दगड आडवा घालू नये, आडवा असलेला उभा करू नये. त्यात शापाची भीती घातली आहे ती सोडून द्या. पण ऊन-पाऊस खाल्लेली बाजू वर आणि मातीतली बाजू खाली राहिली की दगड खरा दिसतो, एवढं त्यातून घ्यावं. आधी मुख्य दगड, मग त्याच्याकडे झुकणारे किंवा त्याला टेकू देणारे सोबती. सगळे सारख्या उंचीचे, सारख्या अंतरावर ठेवलेत की कुंपणाचे खांब होतात.

दगड बसल्यावर बाकीची जमीन २० सेंटिमीटर खणा. १२-१४ सेंटिमीटर मुरूम धुमसाने ठोका आणि दर मीटरला दीड सेंटिमीटर ढाळ एका बाजूच्या गटाराकडे द्या. त्यावर पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल कापड, दगडांभोवती नीट कापून. प्लॅस्टिकचा कागद घालू नका; पाणी अडतं आणि खडी हिरवी पडते. कडेला दगडी किंवा विटांची पट्टी खडीपेक्षा ३-४ सेंटिमीटर वर ठेवा. हिरवळ आणि खडी यांच्यामध्ये ही कडा नसेल तर वर्षभरात दोन्ही खराब होतात. छपराची पागोळी खडीवर पडता कामा नये. जपानी मंदिरांत वळचणीखाली गोट्यांचा वेगळा चर असतो तो त्यासाठीच.

खडी टोकदार हवी. गोल गोटे घरंगळतात, दाताळ्याने ओढलेली रेघ धरत नाहीत. बारीक वाळू वाऱ्याने उडते आणि पावसाने सपाट होते. क्योतोची शिराकावा खडी ग्रॅनाइटची: पांढरं फेल्डस्पार, राखी क्वार्ट्झ, काळा अभ्रक. या मिश्रणामुळे ती उजळ असूनही डोळ्यांवर येत नाही. आपल्याकडे ५ ते १० मिलिमीटरची फिकट ग्रॅनाइट खडी शोधा. संगमरवराचे तुकडे टाळा: मेच्या उन्हात बघवत नाहीत, आणि चुन्याच्या अंशामुळे शेजारची आम्लप्रिय झाडं व शेवाळ खंगतात. बेसाल्टची काळी खडी स्वस्त आहे, पण काळ्या दगडांमागे काळी जमीन आली की दगड दिसतच नाहीत.

थर ६ सेंटिमीटर. ४ बाय ६ मीटरच्या जागेला १.४४ घनमीटर, म्हणजे साधारण अर्धा ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट), वजनाने दोन टनांच्या आसपास. थर याहून पातळ झाला तर दाताळं कापडात अडकतं, फार जाड झाला तर पाय रुततात.

दाताळं सुताराकडून करून घ्या. अर्धा मीटर रुंद, २५ मिलिमीटर जाड सागाच्या फळीला त्रिकोणी दाते, दोन दात्यांत ४-५ सेंटिमीटर अंतर. बाजारचं लोखंडी दाताळं नुसतं ओरबाडतं. आधी पालापाचोळा वेचा, सपाट फळीने खडी समतल करा, मग दगडांभोवतीची वलयं आणि शेवटी सरळ रेघा. नेहमी मागे सरकत या, पाऊलखुणा पुसल्या जातात. वलय आणि रेघ जिथे भेटतात तिथे रेघ वलयावर चढू देऊ नका, तिथेच थांबवा. साधा पाऊस या रेघा सोसतात. जुलैतली मुसळधार सोसत नाहीत, तेव्हा पावसाळ्यात नक्षीचा हट्ट सोडून फक्त समतल ठेवा.

डोक्यावर गुलमोहर असेल तर ही बाग करूच नका. त्याची बारीक पानं खडीत उतरतात आणि कुठल्याही झाडूला सापडत नाहीत.

शेवाळाबद्दल थोडक्यात: क्योतोच्या दमट हवेतलं सुगिगोके हे शेवाळ पुण्याच्या एप्रिलमध्ये टिकत नाही. दगडांच्या पायथ्याशी मोंडो ग्रास हे गवतासारखं बुटकं झाड लावा, ते मूळचं जपानी बागांतलंच आहे.

तण खडीखालून कमी, वरून जास्त येतं. दाण्यांमध्ये धूळ साचते, तिच्यात बी रुजतं. दोन पानांवर असतानाच, पाऊस पडून गेल्यावर, हाताने सरळ वर ओढा. धूळ वाढत गेली की काही वर्षांनी खडी करडी पडते आणि रेघेला धार राहत नाही. तेव्हा ती टाकून देऊ नका. क्योतोच्या मंदिरांतही जुनी खडी धुऊन परत वापरतात. थोडी थोडी उचलून ४ मिलिमीटरच्या चाळणीवर पाण्याने धुवा, कापड झाडा, परत पसरा. चाळताना बारीक चुरा गळून जातो आणि तेवढी नवी भर लागते. त्याच खाणीचा तोच रंग पुढे मिळेलच असं नाही, म्हणून पहिल्याच खेपेला दहा टक्के जास्त मागवून गोण्यांत भरून ठेवा.