चाके धरून पंचावन्न

चाके हा बॅगेचा भाग आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यात माझे सहा आठवडे गेले. प्रश्न हास्यास्पद वाटेल, मलाही वाटला होता. पण विमानाच्या दाराशी उभी असलेली, हातातली बॅग मापात बसते का हे पाहायची लोखंडी चौकट या प्रश्नाचे एक उत्तर देते, बॅग विकणारा दुसरे देतो, आणि या दोन उत्तरांमधल्या चार सेंटिमीटरांचे पैसे प्रवाशाला भरावे लागतात.

गेली सहा वर्षे मी पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांना संगणकप्रणालीचे प्रशिक्षण देते आणि त्यासाठी महिन्यातून किमान दोनदा पुण्याहून विमानाने जाते. मुक्काम दोन रात्रींचा असतो. तेवढ्यासाठी सामान सोपवायचे आणि उतरल्यावर पट्ट्यापाशी ताटकळत उभे राहायचे, हे मला नकोसे वाटते, म्हणून सगळे हातातल्या बॅगेतच बसवायचे हा माझा नियम आहे. भाचीच्या लग्नात आहेरात आलेली जुनी बॅग मी बरीच वर्षे वापरली. एकदा सहज रिकामी बॅग वजनकाट्याला लावली, तर ती ३ किलो ४०० ग्रॅम भरली. देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमी वर्गाला हातातल्या बॅगेसाठी बहुधा ७ किलोंची मर्यादा असते. त्यातले जवळजवळ निम्मे मी बॅगेलाच देत होते आणि वर साड्या जड झाल्या म्हणून कुरकुरत होते. हलकी बॅग घ्यायची असे त्या दिवशी ठरले.

खरेदी अर्ध्या तासात उरकली आणि तीच चूक झाली. एका मोठ्या दुकानात कडक कवचाची, चार चाकांची, फिकट हिरवी बॅग आवडली. चिठ्ठीवर उंची ५५ सेंमी आणि वजन २.४ किलो असे छापलेले होते, शिवाय विमानाचे चित्र आणि त्याखाली ‘कॅबिन’ हा शब्द होता. मी एका बोटाने ती गुळगुळीत फरशीवर ढकलून पाहिली आणि पैसे दिले. दुकानाची फरशी आणि आपले पदपथ यांत किती अंतर आहे हे घरी येताना कळलेच, पण तो मुद्दा नंतर येईल.

पहिला प्रवास निर्विघ्न झाला, कारण बॅग कोणी मोजली नाही. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे: आपली बॅग दहा वेळा गेली म्हणजे ती मापात आहे असे नव्हे, दहा वेळा कोणी पाहिले नाही इतकेच. दुसऱ्या प्रवासाच्या परतीला विमान भरलेले होते आणि दाराशी एक कर्मचारी रांगेतल्या बॅगा निवडून चौकटीत ठेवायला सांगत होती. माझी बॅग आत गेली, पण चाके वर राहिली. उलटी करून ठेवली तर मूठ वर राहिली. मागे चाळीस माणसे उभी असताना चौकटीत अडकलेली बॅग दोन्ही हातांनी उपसून काढण्याचा प्रसंग कोणावर येऊ नये. बॅगेच्या किमतीच्या जवळजवळ चौथा हिस्सा भरून मी ती विमानाच्या पोटात रवाना केली. त्या गडबडीत पॉवर बँक आतच राहिली होती. कर्मचाऱ्याने विचारले म्हणून आठवले आणि जिन्याशी बॅग उघडून ती काढावी लागली. लिथियम बॅटरीची पॉवर बँक सोपवलेल्या सामानात चालत नाही, त्यामुळे बॅग ऐनवेळी हातातून जाण्याची शक्यता धरून ती नेहमी बाहेरच्या कप्प्यात किंवा पर्समध्येच असावी.

घरी आल्यावर शिवणाची टेप काढली. चाकांपासून मुठीपर्यंत उंची ५९ सेंमी भरली, आणि वजन २ किलो ७०० ग्रॅम. चिठ्ठीवरचे ५५ कुठून आले हे शोधताना कळले की नुसते कवच, चाके न धरता, बरोबर ५५ होते.

इथून खरी कथा सुरू होते. खरेदीच्या अठराव्या दिवशी मी बॅग, बिल आणि टेप घेऊन दुकानात गेले. विक्रेता अत्यंत नम्र होता. “मॅडम, हे बॉडीचं माप आहे. चाकं त्यात धरत नाहीत. सगळ्या कंपन्यांचं असंच असतं,” तो म्हणाला. मी विचारले, “अहो, मग विमानात मी चाकं काढून हातात धरू का?” तो हसला आणि त्याने मला कंपनीच्या ग्राहकसेवेचा क्रमांक दिला. या बॅगेवर विमानाचे चित्र तुम्हीच छापले आहे, हे माझे म्हणणे त्याने मान डोलावून मान्य केले, पण मान डोलावण्याने परतीची पावती निघत नाही.

ग्राहकसेवेने ऑनलाइन अर्ज भरायला सांगितले. त्या अर्जात तक्रारीचा प्रकार निवडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते, आणि प्रकार पाचच होते: चाक, हँडल, चेन, कुलूप, कवच. माप हा प्रकारच नव्हता. ‘इतर’ देखील नव्हता. दोन संध्याकाळी त्या पानावर घालवून अखेर मी ‘चाक’ निवडले, कारण तक्रार चाकांमुळेच होती, आणि खालच्या रकान्यात सगळी हकिगत सविस्तर लिहिली. चार दिवसांनी छायाचित्रांची मागणी आली. पाठवलेली छायाचित्रे टेप सरळ दिसत नाही म्हणून परत आली. दुसऱ्यांदा मुलाला समोर बसवून टेप भिंतीला चिकटवली आणि बॅग तिच्यापुढे उभी केली. ती छायाचित्रे मान्य झाली आणि बॅग तपासणीसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सेवाकेंद्रात नेऊन द्यावी असे कळवण्यात आले.

सेवाकेंद्र म्हणजे एका इमारतीच्या तळघरातली खोली होती. तिथल्या माणसाने बॅग घेतली, पावती दिली आणि आठ दिवसांनी यायला सांगितले. आठ दिवसांनी मिळालेला तपासणीचा कागद मी जपून ठेवला आहे. त्यावर लिहिले होते: चारही चाके व्यवस्थित फिरतात, उत्पादनदोष आढळला नाही. माझी हकिगत त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. त्याच्या पडद्यावर फक्त ‘चाक’ एवढाच शब्द दिसत होता. मी त्याला रागावले याचे मला नंतर वाईट वाटले, कारण त्याने त्याचे काम चोख केले होते आणि चाके खरोखरच उत्तम फिरत होती.

दरम्यान माहेरी, नाशिकला, जाणे झाले. आमच्या शेजारचे काका सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत बॅगांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी मला शांतपणे समजावले की कवच साच्यातून निघते आणि त्याचे माप म्हणजे साच्याचे माप. चाके शेवटी जोडली जातात. कारखान्यातल्या माणसाच्या दृष्टीने बॅग म्हणजे कवच, बाकीचे सगळे जोडकाम. हे ऐकून माझा राग थोडा निवळला, पण पूर्ण नाही. चाकांच्या सूटकेसचे बर्नार्ड सॅडो यांचे अमेरिकन पेटंट १९७२ चे आहे, आणि उभी ओढायची, दांडा वर येणारी दुचाकी बॅग रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७ च्या सुमारास तयार केली. इतक्या वर्षांनंतरही चाके पाहुण्यासारखी मोजमापाबाहेर ठेवायची, याला काय म्हणावे?

मग मी जरा अभ्यास केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. माझ्या बिलावर मुदत नव्हती आणि मी अठराव्या दिवशी दुकानात गेले होते. कंपनीचे म्हणणे असे की वस्तू सदोष नाही. माझे म्हणणे असे की विमानाचे चित्र छापून विकलेली बॅग विमानाच्या चौकटीत बसत नसेल, तर दोष आणखी कशाला म्हणायचे? मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन केला. ही हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. ती तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवते आणि उत्तराचा पाठपुरावा करते. पण त्या नोंदणीक्रमांकाचा परिणाम झाला. तोवर दर वेळी नव्या नावाचा माणूस मला पहिल्यापासून सगळे विचारत असे. आता एका बाईंचा स्वतःहून फोन आला, त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि सहाव्या आठवड्यात बॅगेची पूर्ण रक्कम परत मिळाली. विमानाच्या दाराशी भरलेले पैसे अर्थातच गेले ते गेलेच.

दुसऱ्या खरेदीला मी टेप आणि बॅग अडकवून तोलायचा छोटा काटा बरोबर नेला. हे काटे तीन-चारशे रुपयांना मिळतात, पण आधी घरी पाच किलोंच्या आट्याची पिशवी लावून ते पारखावेत. माझा १०० ग्रॅम जास्त दाखवतो हे मला ठाऊक आहे. दुकानातला मुलगा पाहत राहिला, मात्र तिसऱ्या बॅगेनंतर तोच आकडे मोठ्याने वाचू लागला. आठ बॅगा मोजल्या. त्यांतल्या पाच चाकांसह ५५ च्या वर गेल्या.

विमानकंपन्यांची मापेही सारखी नसतात. इंडिगो ५५ × ३५ × २५ सेंमी सांगते, एअर इंडिया ५५ × ४० × २०. दोन्हींची बेरीज ११५ येते, पण बेरीज सारखी म्हणजे बॅग दोन्हीकडे बसेल असे नाही. दोन्हीकडे बसायची तर ती ५५ × ३५ × २० च्या आत हवी. युरोपात भाच्याकडे जाताना पाहिले तर लुफ्थान्साचे माप ५५ × ४० × २३ आणि वजन ८ किलो होते. ज्या कंपनीने आपण अधिक जातो तिचे ताजे माप तिकीट काढतानाच पाहावे. लहान शहरांना जाणाऱ्या एटीआर या छोट्या, पंख्यांच्या विमानांत तर मापातली बॅगही पुष्कळदा दाराशीच काढून घेतात, कारण डोक्यावरचे कप्पे लहान असतात. तिथे वाद घालू नये, मी घालून पाहिला आहे.

मी अखेर कापडी, दोन चाकांची बॅग घेतली: चाकांसह ५३ सेंमी, वजन १ किलो ९०० ग्रॅम. दोन चाके बॅगेच्या कोपऱ्यात आत बसवलेली असतात, त्यामुळे बाहेरचे माप तेच राहून आतली जागा वाढते. चार चाकांच्या बॅगेत खालचे चार-पाच सेंटिमीटर वाया जातात. चार चाकांची बॅग विमानतळावर मांजरासारखी शेजारून चालते हे खरे, पण आमच्या गल्लीतल्या पेव्हिंग ब्लॉकवर तिची चाके प्रत्येक फटीत अडखळत होती. दोन चाकांची तिरकी ओढावी लागते आणि मनगटावर भार येतो. ज्यांना खांद्याचा त्रास आहे त्यांनी माझे ऐकू नये. कडकच कवच हवे असेल तर त्याच्या प्लास्टिकांपैकी पॉलिप्रॉपिलीन साधारणपणे हलके आणि स्वस्त, पॉलिकार्बोनेट चिवट, आणि एबीएस धक्क्याने तडकण्याची भीती अधिक. कडक बॅग दोन सारख्या पाकळ्यांत उघडते, तिला गेस्ट हाउसच्या चिमुकल्या खोलीत पलंगच लागतो. कापडीला बाहेरचा कप्पा मिळतो, जो मला लॅपटॉपच्या तारांसाठी सोन्यासारखा वाटतो. कापडी बॅगेला जाडी वाढवणारी जादा चेन असते, ती मी पहिल्याच दिवशी सुईदोऱ्याने शिवून टाकली. मोह हा माझाही स्वभाव आहे.

आता ७ किलोंतले पाच किलो शंभर ग्रॅम माझे असतात. दोन सुती साड्या, एक पंजाबी ड्रेस, चपला, प्रसाधनाची पिशवी आणि प्रशिक्षणाच्या पुस्तिका त्यात आरामात मावतात. मागच्या महिन्यात पुन्हा त्याच दाराशी चौकटीत बॅग ठेवायला सांगितले. ती आत गेली, बाहेर आली, आणि मी विजयी मुद्रेने वर पाहिले तर कर्मचारी पुढच्या माणसाशी बोलत होती.

एक सांगायचे राहिले. दुकानातले बिल उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असते आणि ते पुसट होत जाते. घरी येताच त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. माझ्या बिलावरची तारीख पाचव्या आठवड्यात वाचता येईना, आणि तीस दिवसांचा सगळा वाद त्या तारखेवरच उभा होता. बँकेच्या खातेउताऱ्यात कार्डाने पैसे दिल्याची नोंद होती म्हणून निभावले; रोखीने घेतली असती तर ती हिरवी बॅग आजही आमच्या माळ्यावर असती.