आमची वाटचाल : ट्रकच्या ताडपत्रीपासून फियाटच्या छतापर्यंत

आमचं दुकान धुळ्यात. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते ज्या गावात एकमेकांना कापतात, तिथे ताडपत्री शिवणारा उपाशी राहत नाही, असं दुकानातले थोरले, आमचे अण्णा म्हणायचे. ते खरंच होतं. सुरुवातीची कितीतरी वर्षं आम्ही ट्रकच्या ताडपत्र्या, जीपची हुडं आणि ड्रायव्हरच्या सीटा यांवरच काढली. नंतर कारची सीट कव्हरं आली, रेडिमेड माल आला आणि भाव पडले. त्या काळाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. उधारीची वही तेवढी जाड झाली.

खरी गोष्ट सुरू होते २०११ मध्ये. आमचे एक जुने गिऱ्हाईक, डॉक्टरसाहेब, आपली १९७५ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे सगळे जिला फियाट म्हणतात ती, घेऊन आले. गाडी निळी, आरशासारखी ठेवलेली. डिकीत एक लांबट खोकं. परदेशातल्या नातेवाइकाने जुन्या मालातून मिळवून दिलेलं घडीचं कापडी छत होतं त्यात : लोखंडी चौकट, आडव्या कमानी, पुढे एक हँडल आणि वरचं कापड पार विटून गेलेलं. "हे माझ्या गाडीला बसवा. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेला उघड्या छताने जायचंय," ते म्हणाले.

चौकटीवर वेबास्टो हे नाव. डॉक्टरसाहेबांनीच त्याची फोड सांगितली : संस्थापक विल्हेल्म बायर आणि त्यांचं गाव स्टॉकडॉर्फ, यांतली अक्षरं जुळवून केलेलं नाव. कंपनी १९०१ ची, जर्मनीची. युरोपात असली छतं चिक्कार चालली. फियाटची १९५७ ची छोटी ५०० तर कारखान्यातूनच कापडी छत घेऊन यायची. तिकडे ऊन म्हणजे पाहुणा, आला की दारं-खिडक्या उघडायच्या. आमच्याकडे ऊन घरजावई. अण्णा तेव्हा गल्ल्यावर बसत. ते माझ्यावरच अहिराणीत ओरडले, "येडा व्हयना का रे भो? लोके सावली सोधतस, आनि तू छतले भोक पाडस?"

मी काम घेतलं. सगळं कळत होतं म्हणून नव्हे, रेडिमेड सीट कव्हरांचा कंटाळा आला होता म्हणून.

पद्मिनीला वेगळी चॅसी नसते, पत्र्याची बॉडीच सगळा भार उचलते. स्टँडर्ड हेराल्ड असती तर गोष्ट निराळी. तिची चॅसी वेगळी आणि छत चक्क बोल्टवर, नट सोडले की उचलून बाजूला ठेवा. इथे मात्र छताच्या पत्र्यात अडीच फूट रुंद, तीन फूट लांब भोक पाडायचं, तर राहिलेल्या कडेला आधार द्यायलाच हवा. पहिल्यांदा आतलं अस्तर उतरवलं. ते तारांवर ओवलेलं असतं. कुठली तार कुठे होती त्याचे नंबर टाकून ठेवले नाहीत, तर परत लावताना अस्तर कधीच सरळ बसत नाही. मग काचेच्या वरची पुढची पट्टी आणि मागची कमान कुठे संपते ते आतून बघितलं. त्या दोन्हींना हात लावायचा नाही. मध्ये मोकळा पत्रा किती, तेवढंच आपलं राज्य. मधली रेघ पुढच्या काचेच्या मध्यावरून घेतली, मागच्या काचेच्या मध्यावरून पुन्हा पडताळली. दोन्हींत बोटभर फरक आला! जुन्या गाड्या कधीतरी ठोकलेल्या असतात, तेव्हा दिसत नाही, आता दिसतं. दोन दिवस नुसती मापंच चालली होती.

डेंटर उस्तादांनी ग्राइंडर काढला. मी थांबवलं. ग्राइंडरची ठिणगी काचेवर पडली की काचेत रुतते, ते डाग आयुष्यात जात नाहीत. शेवटी चारही कोपऱ्यांना ड्रिलने गोल भोकं पाडून बारीक दातांच्या पानाने जिगसॉ चालवला. कोपरा काटकोनात कापला तर पुढे तिथूनच पत्रा फाटतो, म्हणून गोल भोकं. कापायच्या आधी खालून १८ गेजच्या पट्टीची चौकट पक्की केली. नाहीतर मधला तुकडा निघाला की उरलेलं छत डब्याच्या झाकणासारखं टकटक वाजायला लागतं. कडा घासून रेड ऑक्साइड, त्यावर रंग, मग सीलंट, मग वरून चौकट. कडेला रंग लावायचा कंटाळा केला तर दुसऱ्या पावसाळ्यात गंजाची रेघ बाहेर येते.

कापडात मात्र आम्ही आपटलो. मुंबईच्या एका दुकानातून "बोटीवर वापरतात ते" म्हणून पीव्हीसीचं कापड आणलं. डिसेंबरच्या थंड सकाळी ताणून बसवलं. दिसायला देखणं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, उन्हाने मऊ पडून ढिलं झालं आणि साठच्या वेगाला पतंगासारखं फडफडू लागलं. दोन उन्हाळ्यांनी उलटंच झालं. पीव्हीसीतला मऊपणा उडाला, कापड आकसलं आणि हँडल लागेना. आता आम्ही कापड सकाळी दहा-अकराला ताणतो. भर दुपारी ताणलं तर जानेवारीत छत बंद होत नाही, भल्या पहाटे ताणलं तर मे महिन्यात झोळी होते.

दोऱ्यावरून अण्णांचं नि माझं वाजलं. त्यांचा सगळा भरवसा सुती दोऱ्यावर. ओला झाला की फुगतो आणि सुईचं भोक बुजवतो, हे त्यांचं म्हणणं ताडपत्रीच्या कॅनव्हासला शंभर टक्के लागू आहे. पण गाडीचं छत बाराही महिने उन्हात, आणि सुती दोरा उन्हाने कुजतो. मी पॉलिएस्टर घेतला. तो कुजत नाही, पण फुगतही नाही, म्हणजे सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत यायला मोकळीक. शेवटी दोघांचं अर्धंअर्धं ऐकलं : दोरा माझा, शिवण त्यांची. अण्णा ताडपत्रीला घालायचे तशी पालथी घडी घालून टाके आत दडवले, वरून सीलंटचा हात फिरवला. आजही आमची शिवण तीच आहे.

त्या वर्षी डॉक्टरसाहेब दोंडाईचामार्गे सारंगखेड्याला उघड्या छताने गेले. घोड्यांच्या बाजारात घोड्यांपेक्षा गर्दी गाडीभोवती, असं ते सांगतात. अर्धं सोडून देऊ.

मग आली कानबाई, आमचा खानदेशातला देवीचा सण. श्रावणातला रविवार, डॉक्टरसाहेब आईला घेऊन रोटांसाठी, कानबाईच्या नैवेद्यासाठी, गावी निघालेले, छत बंद, वर भुरभुर पाऊस. कापडातून एक थेंब आला नाही. पुढच्या सीटवर मायच्या खांद्यावर मात्र अस्तरातून धार लागली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी मायचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं : "दर्शन व्हयनं नई, आनि अभिषेक पहिलेच व्हयी गया."

असलं छत पाणी पूर्ण अडवत नाही. चौकटीला पन्हळ असते, तिच्यात उतरलेलं पाणी चार कोपऱ्यांच्या नळ्यांतून काचेशेजारच्या खांबांमधून खाली रस्त्यावर सोडायचं, हे त्याचं गणित. आमची एक नळी खांबात वळताना चिमटली होती. ही आमची चूक. दुसरी नळी उघडून बघितली तर ठासून भरलेली. गाडी दवाखान्यासमोरच्या कडुनिंबाखाली उभी असायची. चैत्रातला सगळा मोहोर पन्हळीत, त्यावर उन्हाळ्याची धूळ, नि त्याचा झालेला बोळा. जर्मनीच्या चौकटीने कडुनिंब कुठे बघितलाय? आम्ही नळ्या एक नंबर जाड घेतल्या, वळणं सैल केली आणि तोंडाशी जाळी बसवली. साफ करायला जाड नायलॉनची दोरी देतो. ब्रेकची तार घालू नका, नळी आतून फाटते. त्यानंतर प्रत्येक गाडी देण्याआधी अर्धा तास नळाखाली उभी करतो, आत मी स्वतः बसतो. दर पावसाळ्याच्या आधी नळ्यांची सफाई आमच्याकडे फुकट.

पहिल्या कामात पैसे सुटले नाहीत, पण नाव झालं. जळगाव, मालेगाव, एकदा इंदूरहून गाडी आली. आजवर अकरा छतं बसवली. त्याहून जास्त नाकारली, आणि हे मी मुद्दाम लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यावर कडक भूमिका घेतली. पहिल्या कामाच्या वेळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं, विचारलंही नाही. आता आधी आरटीओचा कागद, मग खडू. २०२१ पासून विंटेज नोंदणीचे नियमही आलेत. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए'चा वेगळा नंबर मिळतो, पण बॉडी शेलला हात लागलेला नसावा ही अट आहे. असली गाडी कुणी आणली तर मी चहा पाजून परत पाठवतो. सीटा शिवून देतो, अस्तर लावून देतो, छताला हात लावत नाही.

डॉक्टरसाहेबांची पद्मिनी आता पन्नाशीला आली. मागच्या महिन्यात दुकानात आले आणि खुर्चीवर बसण्याआधीच विचारलं, "आपला तो कापलेला तुकडा आहे का हो?" आहे. अण्णांची शिस्त, गिऱ्हाइकाचा पत्रा फेकायचा नाही. माळ्यावर अकराही तुकडे आहेत, प्रत्येकावर खडूने नंबर. पहिला खाली काढला. निळा रंग अजून तसाच, गाडीवरचा मात्र उन्हाने फिका पडलाय. मी स्पष्ट सांगितलं : वेल्डिंग करून बसेल, वरून रंग मारला तर लांबून कळणारही नाही, पण आतून जोड दिसेल आणि तपासणारा आतूनच बघतो.

डॉक्टरसाहेबांनी पत्र्यावर बोट वाजवून बघितलं, धूळ पुसली आणि तुकडा परत माझ्या हातात दिला. म्हणाले, "वर ठेवून द्या. यंदा कानबाई कोणत्या रविवारी येते ते बघा, त्याच्या आधी नळ्या काढून घेऊ."