स्वधर्म शोधायचा तर बाराव्या अध्यायापासून

आपण नेमके कशासाठी जन्माला आलो, हा प्रश्न मनात घेऊन रत्नागिरीजवळच्या पावसला, ज्ञानेश्वरी सोप्या अभंगांत आणणाऱ्या संत स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी बसलेली तरुण मंडळी पुष्कळ दिसतात. मुंबईची नोकरी की गावची बाग, संसार की साधना, असं एकच मोठं उत्तर त्यांना हवं असतं. गीता या प्रश्नाला दुसऱ्याच टोकाने हात घालते. आपल्या कर्मानेच ईश्वराची पूजा करावी, असं अठराव्या अध्यायाचा ४६वा श्लोक सांगतो. ज्ञानदेव या पूजेला स्वकर्माची फुलं देतात. तेव्हा आधी प्रयोजन सापडेल आणि मग काम सुरू करू, या भरवशावर बसू नये. हातात आहे ते काम ईश्वराला वाहायला शिकलं की प्रयोजन, म्हणजेच आपला स्वधर्म, त्यातून उलगडू लागतं. याला ज्ञानेश्वरीच्या वाचनाची रोजची बैठक लागते.

ज्ञानेश्वरी पहिल्या पानापासून सुरू करण्याची घाई नको. ग्रंथ नऊ हजारांच्या आसपास ओव्यांचा आहे आणि उत्साहाने धरलेलं वाचन बऱ्याचदा सहाव्या अध्यायात अडकतं. तिथे कुंडलिनीचं, म्हणजे योगाने जागी होणाऱ्या शरीरातल्या सुप्त शक्तीचं, वर्णन आहे. ते वाचून काही जण आपल्या मनाने श्वास कोंडायला लागतात. ते अजिबात करू नये, तो जाणत्या गुरूसमोर बसून शिकण्याचा भाग आहे. बारावा अध्याय घ्या. श्लोक २०, ओव्या २४७. रोज दहा ओव्या धरल्या तर पंचवीस दिवसांत होतो. मग थेट अठराव्यातले ४१ ते ४९ हे श्लोक आणि त्यांवरच्या ओव्या. एवढा गाभा पक्का झाला की पहिल्या अध्यायापासून रोज पंचवीस ओव्या वाचा, वर्षभरात ग्रंथ पुरा होतो.

दहा ओव्या एकदा मोठ्याने वाचाव्यात, मग अर्थ पाहून मनात. शब्द अडला तर स्वामींची अभंग ज्ञानेश्वरी शेजारी ठेवा. तीच गोष्ट आजच्या मराठीच्या जवळ आणलेली आहे. वेगाने पारायण उरकण्यात श्रद्धा असेल, पण या कामासाठी त्याचा उपयोग कमी. ओवी दिवसभर सोबत राहायला हवी, आणि एका दमात वाचलेल्या शंभरातली एकही राहत नाही.

वाचनाआधी पाच-दहा मिनिटं सोऽहं, म्हणजे ‘तो मीच’ हा श्वासाबरोबरचा जप. श्वास आत येताना ‘सो’, बाहेर जाताना ‘हं’. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, नुसता पाहायचा. परंपरा दिवसाचे २१,६०० श्वास मोजते, म्हणजे मिनिटाला पंधरा. डोकं जड झालं किंवा छाती भरून आली तर श्वासावर जबरदस्ती होते आहे असं समजावं आणि नुसतं नाम घ्यावं. पावसाळ्यात फरशीला ओल असते, तेव्हा खाली घोंगडी घ्या. नाहीतर गुडघे धरतात आणि बैठक तिथेच मोडते.

उठण्याआधी वहीत एक ओवी आणि त्या दिवसाचं एक काम लिहा. काम नवं नको, वाट्याला आलेलंच: आईचं औषध, कलमांची फवारणी, शाळेचे पेपर. रात्री त्याच कामापुढे दोन ओळी: कुणी पाहत नसतं तरी असंच केलं असतं का, आणि फळ हुकलं तेव्हा मन कुठे गेलं. बागायतदाराला हा दुसरा प्रश्न फार खरा आहे. जानेवारीत अवकाळी पाऊस पडून मोहोर काळा पडतो, आणि तरी उद्याची फवारणी नीट करायची असते. महिन्याभराने वही चाळली की कोणत्या कामात मन फळाविनाही टिकतं, हे अक्षरात दिसतं. स्वधर्माची खूण मी तरी तिथेच शोधायला सांगेन.

दोन ठिकाणी वाट चुकते. सहज कर्म, म्हणजे स्वभावाने वाट्याला आलेलं काम, सदोष असलं तरी सोडू नये, हा अठराव्यातला ४८वा श्लोक. फवारणीत कीड मरते, जाळ्यात मासा मरतो, हे दोष त्या कामालाच चिकटलेले. कर्नाटकचा आंबा हापूसच्या पेटीत भरणं मात्र सहज दोषात येत नाही. ती लबाडी आहे, आणि तिला या श्लोकाची ढाल करणाऱ्याला वाचन कळलेलं नाही. दुसरी चूक अधिक जुनी. स्वधर्म म्हणजे बापाचा धंदा किंवा जात, असं सांगून माणसाला बांधलं जातं. ४१वा श्लोक मात्र कर्माची विभागणी स्वभावातून आलेल्या गुणांवरून सांगतो. खलाशाच्या मुलीला गणितात गोडी असेल तर तिने तोच स्वभाव जपावा.

स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेले स्वामी पुढे सुमारे चाळीस वर्षं, १९७४ मध्ये देह ठेवेपर्यंत, पावसलाच एका घरात राहिले. लेखन आणि भेटीला येणाऱ्यांना मार्गदर्शन, हेच त्यांचं काम. जागा बदलल्याने प्रयोजन सापडेल असं वाटणाऱ्यांनी ही चाळीस वर्षं नीट पाहावीत.

सुरुवातीला जून-जुलै चांगला. मासेमारी बंद असते आणि आंब्याची धावपळ संपलेली असते. शेतकऱ्याने मात्र लावणी आटोपून श्रावणात बसावं. गणपतीत घर भरलं की वाचन तुटणारच. तेव्हा राहिलेल्या ओव्या एका दिवसात ओढू नका, खुणेपासून पुन्हा दहाच घ्या. पोथी सुती कापडात बांधून ठेवा आणि पाऊस गेल्यावर एकदा उन्हात उघडा, नाहीतर कसर लागते.