मांडी दोन सेंटिमीटर लांब

हवाई दलात डॉक्टर असताना काही काळ मी बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये होतो. वैमानिक व्हायला निघालेली मुलं एएफएसबीचे, म्हणजे हवाई दलाच्या निवड मंडळाच्या चाचण्यांचे, दिवस पार पाडून तपासणीसाठी तिथे येत. वजन जास्त असलं, हायड्रोसील (अंडकोशाभोवती साठलेलं पाणी) निघालं, तर ‘टेम्पररी अनफिट’ लिहायचं. मुलगा इलाज करून परत येई. हाडांच्या मापाला तशी सोय नाही.

सांगली जिल्ह्यातला तो मुलगा सहा फूट दोन इंच उंच, व्हॉलीबॉल खेळणारा. नजर सहा बाय सहा, रंग अचूक ओळखले, ईसीजी आणि पाठीच्या कण्याचे एक्स-रे निर्दोष. मग मापं. बसल्यावरची उंची 96 सेंटिमीटरच्या आत, पायाची लांबी 120 च्या आत. शेवटी मांडी. कंबर आणि पाठ मागे चिकटवून ताठ बसवायचं आणि तिथून गुडघ्याच्या टोकापर्यंत मोजायचं. मर्यादा 64. त्याची भरली 66.

मी पुन्हा मोजलं. सहकाऱ्याला बोलावून त्याच्याकडून मोजून घेतलं. 66च.

तोवर आमचं बोलणं हिंदी-इंग्रजीत चाललं होतं. तो एकदम मराठीत म्हणाला, “सर, मी पाय आखडून बसंन की. गुडघं कुठं लागू देणार न्हाई.”

त्याला नुसता ‘अनफिट’चा कागद देणं मला पटेना. म्हटलं, बस. विमान चालवताना तू आखडून बसशीलही. पण हे माप इजेक्शनच्या, म्हणजे संकटात खुर्चीसकट विमानाबाहेर फेकलं जाण्याच्या, क्षणासाठी आहे. त्या क्षणी खुर्ची रुळावरून सरळ वर जाते. नडग्या मागे ओढून धरणारे पट्टे असतात, त्यामुळे पावलं आत येतात. पाठीपासून गुडघ्यापर्यंतचं अंतर मात्र तेवढंच राहतं. ते जास्त असेल तर गुडघे समोरच्या चौकटीवर आदळतात. जीव वाचला तरी पाय जायची भीती.

तो ऐकत होता, आणि नजर मात्र स्वतःच्या गुडघ्यांवर. मग विचारलं, “अपील?”

अपील मेडिकल बोर्ड हा त्याचा हक्क होता. अर्ज कसा नि किती मुदतीत करायचा ते समजावलं. पण मांडी तिथेही 66च भरणार, हेही स्पष्ट सांगितलं. ‘मेडिकल काढून देतो’ म्हणणारे बाहेर भेटतात, त्यांना एक रुपयाही द्यायचा नाही, असं बजावलं. मला या लोकांची फार चीड आहे. शेतं गहाण पडतात त्यांच्यापायी. खरं तर हे माप घरी भिंतीला टेकून टेपनं घेता येतं, आणि कोचिंगवाल्यांनी ते पहिल्याच आठवड्यात घ्यायला हवं.

ग्राउंड ड्यूटीच्या, म्हणजे जमिनीवरच्या कामाच्या, शाखांना ही मांडीची अट नव्हती. ते कळल्यावर त्यानं वही काढली आणि पुढच्या परीक्षेचं विचारत बसला. बाहेर जाऊन वडिलांना फोन लावला. दार उघडंच होतं.

“आबा, डोळं, कान, छाती समदं बराबर हाय. मांडी लांब भरली. न्हाई, आजार न्हाई कसलाच. विमानात मावत न्हाई, एवढंच.”