तोल सावरताना

मोबाइल थरथरतो तो त्याच्या पोटातल्या मोटरमुळे, हे सगळ्यांना माहीत असतं. ती मोटर मुद्दाम बिघडवलेली असते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. बटणांचा जुना फोन उघडलात तर सापडेल: जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची, चकचकीत, आणि तिच्या दांड्यावर एकाच अंगाला बसवलेलं अर्धचंद्राच्या आकाराचं वजन. पूर्ण चंद्र बसवला असता तर मोटर गुपचूप फिरली असती आणि सासूबाईंचा फोन येऊन गेलेला कळलाच नसता. अर्धा बसवला, तोल गेला, थरथर सुरू झाली. नव्या फोनांत गोल फिरणाऱ्या वजनाच्या जागी स्प्रिंगवर मागेपुढे धावणारं वजन आलंय, पण धंदा तोच.

मला त्या मोटरचा हेवा वाटतो आणि थोडा रागही येतो. माझी सगळी नोकरी भोसरीच्या एमआयडीसीत फिरत्या यंत्रांचा तोल साधण्यात गेली. पंप, पंखे, ब्लोअर. जे फिरतं त्याचं वजन आसाभोवती सगळीकडून सारखं हवं, एवढंच आमचं शास्त्र. आसापासून दहा सेंटिमीटरवर एक ग्रॅम जास्त असला आणि यंत्र मिनिटाला 3000 फेरे घेत असलं, तर तो एक ग्रॅम किलोभर वजनाच्या ताकदीने बेअरिंगला ओढतो, तेही सेकंदाला पन्नास वेळा दिशा फिरवत. वेग दुप्पट केला की ओढ चौपट. तेव्हा ग्रॅमाला ग्रॅम समजून चालत नाही. आम्ही जन्मभर तो ग्रॅम शोधत हिंडलो, आणि इकडे कुणीतरी तोच ग्रॅम खिशात घालून विकला.

आमच्या शॉपमध्ये तात्या म्हणून एक फिटर होते. तपासणीची यंत्रं आली ती नंतर. तात्या लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आजूबाजूला प्रेस धडधडतोय, फोर्कलिफ्ट ओरडतेय, आणि हा माणूस पूजेला बसल्यासारखा. मग डोळे उघडून निकाल: "ग्रीस मागतंय." किंवा "याचं भरलंय, रविवारी काढा." पुढे सेन्सर आले, संगणकावर आलेख आले. त्यात थरथरीची उकल होते. फेऱ्याला एक ठोका असेल तर तोल गेलेला, त्याला आम्ही वन एक्स म्हणतो, आणि दोन ठोके असतील तर बहुधा दोन दांडे एका रेषेत नाहीत. उभं मोजायचं, आडवं मोजायचं, आसाच्या दिशेने मोजायचं. तात्यांना आलेख दाखवला की ते मान डोलवायचे आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन पुन्हा खात्री करून यायचे. आलेखावर अविश्वास होता असं नाही. दुसऱ्याच्या कानाने ऐकायची त्यांना सवय नव्हती, एवढंच.

निवृत्त झाल्यावर वाटलं, सुटलो. पण थरथर पाठ सोडत नाही. आता ती मांडीला लागून असते. फोन टेबलावर आणि तरी खिशात काहीतरी वाजल्यासारखं वाटतं. या प्रकारावर डॉक्टरांनीच डॉक्टरांची पाहणी केली आहे. अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या 169 कर्मचाऱ्यांनी उत्तर दिलं, त्यातल्या 115 जणांना न वाजलेला फोन वाजल्यासारखा वाटत होता. ही पाहणी 2010 सालची. तेव्हा तर फोनवर आजच्या मानाने काहीच यायचं नाही. आपल्या कातडीखाली थरथर टिपणारे काही सूक्ष्म अवयव असतात, आणि सेकंदाला दोनशेच्या आसपास ठोके असले की ते सर्वांत तल्लख असतात. फोनची थरथर बरोबर त्याच घरात बसवलेली. इतका चोख जुळवून घेतलेला पाहुणा वारंवार घरी यायला लागला, की तो नसतानाही दाराकडे कान लागतात.

माझी पुतणी मुक्ता बाणेरच्या एका कंपनीत सोशल लिसनिंगचं काम करते. लोक समाजमाध्यमांवर कुठल्या मालाबद्दल काय बोलतात ते गोळा करायचं आणि मालकाला सांगायचं. एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन बसली होती. पडद्यावर आलेख, आणि रात्री पावणेदहाच्या सुमाराला त्यात एक उंच, बारीक सुळका. माझ्या ओळखीचा आकार. मी म्हटलं, "हे बेअरिंग गेलं."

"बेअरिंग नाही काका, फरसाण आहे."

"खपलं वाटतं खूप?"

"खपलं नाही. शेवेत दोरा सापडला."

कुणीतरी शेवेतल्या दोऱ्याचा फोटो टाकला होता. तासाभरात तो हजारोंनी पुढे पाठवला. मुक्ताने मला त्या पोस्टींचे नमुने वाचून दाखवले. शिव्या होत्या, विनोद होते. पण मोठा भाग वेगळाच होता. 'आमच्याकडेही हीच शेव येते, म्हणून विचारते.' 'खरं-खोटं माहीत नाही, पण लहान मुलं आहेत घरात.' 'सावध केलेलं बरं.' एकाचाही हेतू कंपनी बुडवण्याचा नव्हता. प्रत्येकजण आपल्या घरापुरता सावध होत होता.

मुक्ताच्या व्यवसायात एका अभ्यासाचा हवाला सतत दिला जातो. ट्विटरवर 2006 ते 2017 या काळात फिरलेल्या सव्वा लाखाच्या आसपास बातम्या तपासून 2018 साली 'सायन्स' या नियतकालिकात तो छापून आला. खऱ्या बातमीला पंधराशे माणसांपर्यंत पोचायला खोटीच्या सहापट वेळ लागतो, असं त्यात निघालं. दोष यंत्रमानवांवर, म्हणजे आपोआप संदेश टाकणाऱ्या खात्यांवर, ढकलायची सोय नव्हती. खोटं पळवत होती ती माणसंच. खोट्या बातम्यांना मिळालेल्या उत्तरांत आश्चर्य, भीती आणि किळस जास्त होती. मुक्ता म्हणाली, "म्हणजे लोक वाईट आहेत असं नाही ना काका?" मी तिला पुलाची गोष्ट सांगितली.

पुलावरून सैनिकांनी पाय जुळवून चालू नये, हे आपण शाळेत शिकतो. त्यामागे 1831 सालची मँचेस्टरजवळची घटना आहे. ब्रॉटनचा झुलता पूल सैनिकांच्या पावलांखाली कोसळला, आणि तेव्हापासून पुलावर पाऊल मोडायचा हुकूम असतो. हे समजायला सोपं आहे. ठोका जुळला की झोका वाढतो. पण लंडनमध्ये 10 जून 2000 रोजी उघडलेल्या मिलेनियम पुलावर सैनिक नव्हते. सेंट पॉल चर्चकडून थेम्स ओलांडून टेट मॉडर्नकडे जाणारा हा सव्वातीनशे मीटरचा पादचारी पूल बघायला साधी रविवारच्या कपड्यातली माणसं आली होती. तरी पूल बाजूला डोलायला लागला, इतका, की माणसं कठड्याला धरून पाय फाकवून चालत होती. दोनच दिवसांत तो बंद करावा लागला. उघडला तो 2002 च्या फेब्रुवारीत. लंडनकर त्याला डगमगता पूल म्हणतात ते म्हणतातच.

आमच्या धंद्यातल्या लोकांना या पुलाने बरीच वर्षं कामाला लावलं. पुलावर मोजूनमापून माणसं चालवण्यात आली. दीडशेपर्यंत काही नाही, पूल ढिम्म. आणखी थोडीच माणसं चढवली आणि तो एकदम हलायला लागला. हळूहळू वाढत जाणारी गोष्ट नव्हती ती, उंबरठा होता. मग 2005 साली गणितज्ञांनी मांडलं, की पूल जरासा हलतो, माणसं नकळत त्याच्या झोक्याशी पाऊल जुळवतात, त्याने पूल आणखी हलतो. सुंदर स्पष्टीकरण, भाषणात सांगण्याजोगं. मीही ते दोन-तीन लग्नांत, जेवणाच्या रांगेत, लोकांना ऐकवलं आहे.

पण ब्रिटन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 2021 साली आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मला जास्त पटते. पाऊल जुळायची गरजच नाही. पायाखालची जमीन बाजूला सरकली की प्रत्येकजण पडू नये म्हणून पाय किंचित इकडे किंवा तिकडे टाकतो. आपापल्या लयीत, शेजाऱ्याकडे न बघता. या तोल सावरण्यातून सरासरीने थोडी थोडी ताकद पुलाच्या हलण्यालाच मिळत जाते. पुलात मुळात झोका जिरवण्याची जेवढी शक्ती असते, तिच्यातून प्रत्येक माणूस थोडी वजा करतो. वजा होत होत ती शून्याखाली गेली की पूल सुटला. पावलं जुळली तर ती नंतर जुळतात. झोक्याचा जन्म आधीच झालेला असतो. म्हणजे पूल कुणी हलवला? प्रत्येकाने. कशासाठी? आपण पडू नये म्हणून.

आपल्याकडे हे फार वाईट रीतीने दिसलं. मुलं पळवणाऱ्या टोळ्या आल्यात, असे संदेश 2018 च्या उन्हाळ्यात देशभर फिरत होते. 1 जुलैला, रविवारी, बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला भिक्षा मागत आलेल्या पाच जणांना जमावाने मुलं पळवणारे समजून ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची माणसं. ज्यांनी हात उचलला त्यांचा हिशेब न्यायालयाकडे. मी विचार करतो तो त्या आधीच्या लोकांचा. ज्यांनी कधी राईनपाडा पाहिलाही नाही, पण मुलाला शाळेतून आणायला जाता जाता 'काळजी घ्या' असं लिहून तो संदेश पुढे ढकलला. त्यांनी पाय किंचित बाजूला टाकला होता.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली. पुढे एप्रिल 2020 मध्ये, बरेच हात फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं, आणि अशा संदेशांचं फिरणं सत्तर टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच जाहीर केलं. माझ्या भाषेत याला डॅम्पर म्हणतात. मिलेनियम पुलाखालीही शेवटी तेच बसवले, नव्वदच्या आसपास. त्यातले काही दट्ट्या आणि दाट द्रवाचे. डॅम्परची गंमत अशी, की त्याला खरं-खोटं कळत नाही आणि कळायची गरजही नसते. सावकाश ढकललंत तर तो वाट देतो, जोरात ढकललंत तर जोरात अडतो. अडवलेली ताकद स्वतःत घेतो आणि तापतो. तापण्याव्यतिरिक्त त्याला दुसरं काम नाही. कारखान्यात त्याची कुणी चौकशी करत नाही, आणि त्याच्या नावाने निरोप समारंभही होत नाही.

माझे एक मित्र तत्त्वज्ञान शिकवायचे. त्यांच्याशी हे बोललो तर त्यांनी काश्मीर गाठलं. तिथे नवव्या शतकात स्पंदकारिका हा शैवांचा ग्रंथ रचला गेला. त्या मंडळींच्या मते शिव म्हणजे दगडासारखा निश्चल कुणी नाही, स्थिर असूनही त्याच्यात सूक्ष्म थरथर आहे आणि जग त्यातूनच उमटतं. वसुगुप्तांच्या नावाशी ही परंपरा जोडलेली आहे, आणि शिवसूत्रंही त्यांच्याच नावाशी. ज्ञान हाच बंध, हे शिवसूत्रातलं वचन आपल्या ज्ञानदेवांनी अमृतानुभवात नाव घेऊन सांगितलंय, तेव्हा ही थरथर आळंदीपर्यंत पोचली होती असं म्हणायला हरकत नसावी. (मित्र म्हणाले, हरकत आहे, विद्वानांचा त्यावर वाद आहे. मी म्हटलं, असू द्या.)

मला त्यांनी सांगितलेली एक कारिका फार आवडली. हा स्पंद कुठे सापडेल? तर माणूस अतिशय संतापलेला असताना, अतिशय हर्षलेला असताना, आता काय करू असं होऊन घुटमळलेला असताना, किंवा जिवाच्या आकांताने धावताना. मी चकित झालो. संताप, हर्ष, घालमेल, पळापळ. अकराशे वर्षांपूर्वी कुणीतरी आजच्या फोनचं वेळापत्रक लिहून ठेवलंय! मित्रांनी मला थांबवलं. म्हणाले, "त्यांचं म्हणणं असं, की त्या क्षणी बाकीचे सगळे विचार गळून पडतात, तेव्हा माणसाने आत बघावं."

"आणि आपण?"

"आपण त्या क्षणी पाठवतो."

कुठली पोस्ट लोकांना जास्त दाखवायची हे ठरवताना फेसबुकवाल्यांनी 2017 साली रागाच्या चेहऱ्याला साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिलं होतं, हे कंपनीच्या आतल्या कागदपत्रांतून पुढे उघड झालं. बाकीच्या चेहऱ्यांनाही दिलं होतं, पण राग त्यात होताच. आसाच्या एका बाजूला जाणूनबुजून ठेवलेलं वजन. मोटर थरथरायलाच हवी, नाहीतर माणूस फोन उचलणार कसा?

आमच्या घरच्या ग्रुपवर एकेचाळीस माणसं आहेत आणि त्यात एक डॅम्पर आहे. ती म्हणजे आमची कुसुमआत्या, वय चौऱ्याऐंशी. तिला काही पुढे पाठवता येत नाही. पाठवायची खूण कुठे असते ते नातवाने अनेकदा दाखवलं, ती म्हणते राहू दे. पण सगळं वाचते आणि उत्तर देते, तिच्या सवडीने, स्वयंपाक आणि दुपारची झोप आटोपून. मागे ग्रुपवर तो जुना संदेश पुन्हा आला: आज रात्री साडेबारा ते साडेतीन पृथ्वीजवळून घातक किरणं जाणार आहेत, फोन बंद करून लांब ठेवा, नासाने सांगितलंय. रात्री अकरापर्यंत ग्रुप पेटला होता. कुणी म्हणे खोटं आहे, कुणी म्हणे बंद ठेवायला काय जातं, एका भाच्याने नासाचा खुलासा शोधून टाकला, त्यावर दुसऱ्याने त्याच्या शिक्षणाचा खर्च काढला. मुक्ताने सगळ्यांना गप्प करायला सहा ओळींचा इंग्रजी परिच्छेद टाकला, त्याने भर पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता आत्याचं उत्तर आलं. "आत्ता वाचलं. फोन उशाखालीच होता. झोप छान लागली. सुधाताई, तुझ्या लोणच्याचं प्रमाण पाठव."

त्यानंतर दोन दिवस ग्रुपवर लोणच्याच्या मोहरीवरून भांडण चाललं होतं.